पिठ्याचा वाटा

२ सप्टेंबर

पोहोचले एकदाची. बॅग अजून उघडलेली नाही, पण हात शिवशिवताहेत म्हणून आधी लिहायला बसले. इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर दिवस कागदावर उतरवल्याशिवाय चैनच पडत नाही. तिथे पेशंटचं लिहायचे, इथे जागा आहे तर स्वतःचंही लिहीन.

घर मनात भरलं. उताराच्या रस्त्याच्या टोकाला, एकमजली, भोवती उंच भिंत, पुढे लोखंडी फाटक. मागे व्हरांडा आणि फरसबंद अंगण. माझी खोली पेशंटच्या खोलीच्या बरोब्बर समोर, मध्ये फक्त बोळ. खोलीत कपाट आहे, टेबल आहे, आणि भिंतीवर आख्खा आरसा आहे. हॉस्टेलमध्ये एका आरशापुढे आम्ही सहाजणी भांडायचो. इथे माझं तोंड मी एकटीच बघणार.

फाटक उघडल्यावर सगळ्यात आधी पुढे आला तो कुत्रा. दांडगा, पिठाच्या रंगाचा, म्हणून नाव पिठ्या. भुंकला नाही. माझ्या चपलांचा वास घेतला, मग बॅगेचा, आणि मुकादमासारखा पुढे चालू लागला, मी येतेय ना हे वळून वळून बघत. त्याच्यामागून वहिनी आल्या. वहिनी म्हणजे पेशंटच्या पत्नी. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. अंगकाठी मूठभर आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. मला म्हणाल्या, की या घरात आम्ही दोन माणसं आणि एक कुत्रा, आणि तिघांत मिळून बोलते मी एकटीच, तेव्हा कंटाळा आला तर सरळ कानात कापूस घाला, मी रागावणार नाही.

पेशंट म्हणजे कोच. पोहायला शिकवायचे. सगळे त्यांना कोचच म्हणतात, म्हणून मीही. दीड वर्षापूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली. मानेखालचं काही हलत नाही, वाचा गेली. पाणीसुद्धा दाट करून चमच्याने द्यावं लागतं, नाहीतर श्वासनलिकेत उतरतं. पण डोळे असे, की बोलणाऱ्या माणसाने लाजावं. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. मी विचारलं, ही नवी सिस्टर चालेल का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मुद्दाम वेळ काढला, आणि एकदा डोळे मिटले. ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेला. वहिनी म्हणाल्या, हे हसणं आहे बरं का.

मला वाटतं, मी इथे रमेन.

६ सप्टेंबर

दिवस बसत चालला आहे. सकाळी अंग पुसणं, पाठ बघणं (पाठ स्वच्छ आहे, एकही जखम नाही, वहिनी इतके दिवस एकट्या किती राबल्या असतील!), कुशी बदलणं, मग गाळलेलं सूप, हनुवटी छातीकडे झुकवून, घोट उतरला की मगच पुढचा चमचा. एका वाटीला अर्धा तास लागतो. वहिनी शेजारी बसून पेपर वाचतात आणि प्रत्येक बातमीवर कोचचं मत स्वतःच सांगून टाकतात. कोच दोनदा डोळे मिटतात. वहिनी म्हणतात, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी यांचं माझं एकदाही जुळलं नाही.

व्यायाम घ्यायला एक फिजिओ मुलगी येते. हात वर, हात खाली, पाय मुडप, पाय सोड. कोचचं शरीर अजून मोठं आहे, पण ओल्या कपड्यासारखं. ती गेली की ते छताकडे बघत राहतात. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलू नये, हे मला कळलंय.

पिठ्या पलंगाखाली असतो. बिचारा रात्रंदिवस खाजवतो. पोटावरचे केस गेलेत, कातडी लाल झालीय. मलमं झाली, शाम्पू झाले, गोळ्या झाल्या. खाजवताना शेपूट फरशीवर आपटते आणि कोच डोळे वटारतात, की कुणीतरी बघा त्याच्याकडे.

११ सप्टेंबर

आज माझा वहिनींशी पहिला वाद झाला. वाद म्हणजे, त्या बोलल्या आणि मी हरले.

फिरायला जातात त्या बागेत त्यांना कुणी कुत्रेवाली बाई भेटली. तिच्या कुत्र्याची खाज कोरड्या गोळ्या बंद करून कच्चं मांस सुरू केल्यावर थांबली म्हणे. वहिनींनी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते ना हो म्हणाले, ना नाही. करायचं तर हळूहळू करा, मांस आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, हाडं कच्चीच द्या, शिजवलेली हाडं फुटून आतडं फाडतात. आणि घरात आजारी माणूस आहे तर फार जपा.

मी तेच शेवटचं वाक्य धरून बसले. म्हटलं, कोचची ताकद ती काय, कच्च्या मांसावरचे जंतू त्यांना झेपायचे नाहीत. वहिनींनी ऐकून घेतलं आणि नियम ठरवले: मांस फक्त मागच्या व्हरांड्यात, सुरी वेगळी, चॉपिंग बोर्ड वेगळा, पिठ्याचं तोंड पुसल्याशिवाय तो आत येणार नाही, फरशीवर जंतुनाशक. एवढं सगळं मान्य केल्यावर मी काय बोलणार? कुत्र्याचे हाल मलाही बघवत नाहीत.

१४ सप्टेंबर

पिठ्याची गंमत. मटणवाल्याने वहिनींना कोंबडीच्या माना आणि थोडी कलेजी बांधून दिली. पाहुणे येणार का म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, कुत्र्याला. तर तो म्हणाला, मग त्याला माझ्या दुकानात नोकरीला लावा, पगारात भागेल.

पिठ्याने मान तोंडात धरली, अंगणभर हिंडला, खाली ठेवली, तिच्यावर भुंकला, मग आमच्याकडे बघितलं, की हे शिजवायचं राहिलंय तुमचं. शेवटी वहिनींनी तुकडा हातात धरून चाटवला, तेव्हा कुठे खाल्ला. आम्ही कोचची चाकाची खुर्ची व्हरांड्यात आणली होती. ते हसले, म्हणजे डावा कोपरा. चांगला ठसठशीत.

२५ सप्टेंबर

मानलं पाहिजे. खाज थांबली. पोटावर मऊ नवे केस आलेत, दात पांढरेशुभ्र, तोंडाचा वास गेला. दोन वर्षांचं कुत्रं वाटतंय. वहिनी मला रोज त्याचं पोट दाखवतात आणि मी रोज पुन्हा पुन्हा हरते.

एक नोंद करून ठेवते. कोचना पिठ्याचं जेवण बघायचं असतं. वेळ झाली की खोलीतूनच त्यांची नजर दाराकडे लागते. खुर्ची व्हरांड्यात नेईपर्यंत थांबत नाहीत, घशातून आवाज काढतात. हा आवाज पूर्वी नव्हता. पिठ्या हाड फोडतो तेव्हा त्यांच्या तोंडातून लाळ गळते. गळते म्हणजे धार लागते. मी पुसते. सुपाची वाटी मात्र अर्धीच संपते.

चव आठवत असेल त्यांना. दीड वर्षात दाताखाली काही आलेलं नाही.

२९ सप्टेंबर

घडलं तसं नीट लिहिते.

दुपारी मी चादरी वाळत घालायला गेले होते. परत आले तर पिठ्या पुढचे दोन्ही पाय पलंगावर ठेवून उभा, तोंड कोचच्या तोंडाला लावलेलं. मी ओरडले तसा खाली उतरला. कोचच्या ओठांवर रक्त. दातांवर रक्त. उशीवर कलेजीचा तुकडा, चघळून मऊ केलेला. कुत्री पिलांना भरवते तसा.

मी त्यांना कुशीवर घेतलं, तोंडात बोट घालून बघितलं, सक्शन मशीन ओढलं. घशात काही नव्हतं. छाती ऐकली, स्वच्छ. खोकला नाही, श्वास नाही लागलेला. जो माणूस पाण्याला ठसकतो, त्याने मांस गिळलं होतं. मी विचारलं, कोच, खाल्लंत तुम्ही? एकदा डोळे मिटले. आजच? दोनदा.

म्हणजे आधीही. केव्हापासून, ते विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं, अजून हवंय का?

एकदा मिटले. घट्ट. बराच वेळ उघडलेच नाहीत.

वहिनींना सगळं सांगितलं. पिठ्याला खोलीत यायची बंदी. वहिनींनी यावर कोचचं मत सांगितलं नाही. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

२ ऑक्टोबर

ताप येईल म्हणून मी टपून बसले होते. ताप नाही. पोट ठीक. आज सकाळी पाय पुसत होते, तर डाव्या पायाचा अंगठा हलला. मला वाटलं भास. मी म्हटलं, कोच, पुन्हा. पुन्हा हलला.

वहिनी आल्या, त्यांनी तो अंगठा मुठीत धरला आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून हमसाहमशी रडल्या. मीही रडले. पिठ्या दाराबाहेर उभा राहून शेपूट हलवत होता. कोच हसले नाहीत. दाराकडे बघत होते, पिठ्याच्या तोंडाकडे.

५ ऑक्टोबर

फिजिओ म्हणाली, असं तिने पाहिलेलं नाही. दोन्ही हातांची बोटं हलतात, मान उचलतात. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी येऊन तपासलं, रक्त तपासलं, सगळं उत्तम. कोचच्या लेकीचा परदेशातून फोन आला, ती तिकडे रडते, वहिनी इकडे.

आणि मी मूर्ख, मला वाटत होतं हे व्यायामाने होतंय.

सकाळी पिठ्याचा वाडगा भरताना वहिनींनी त्यातले चांगले तुकडे बाजूला काढलेले मी पाहिले. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, की पिठ्याचा वाटा यांना लागू पडतोय, तुम्हालाही दिसतंय आणि मलाही. मी सांगायचं ते सगळं सांगितलं: जंतू, घास अडकणं, न्यूमोनिया. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या,

“सिस्टर, तुमचं सगळं बरोबर आहे. पण दीड वर्ष मी एकटीच बोलतेय. तुम्ही कधी भिंतीशी भांडून बघितलंय का?”

मी वाडगा उचलून पिठ्यापुढे नेऊन ठेवला.

मोठ्या डॉक्टरांना मी गुपचूप फोन केला. ते हसले. म्हणाले, प्रोटीनची आवड झाली असेल, उकडून द्यायला सांगा, आणि रिपोर्ट चांगले आहेत तर उगाच डोक्याला त्रास कशाला करून घेता.

९ ऑक्टोबर

उकडून दिलं. थुंकले. सूपही थुंकतात. चमचा दिसला की दात आवळून घेतात. उघडता येत नाहीत, एवढी ताकद आली आहे जबड्यात.

मांस वहिनी हाताने भरवतात. मी बघत नाही, ऐकू येतं.

आज ते आधाराशिवाय बसले. पाठ ताठ नाही, पुढे वाकलेली, दोन्ही तळवे गादीवर टेकवून. मी विचारलं, कोच, दुखतंय का? डोळे मिटलेच नाहीत. पुन्हा विचारलं. माझ्याकडे बघत होते, पण चेहऱ्याकडे नाही. दंडाकडे.

डावा कोपरा बऱ्याच दिवसांत वर गेलेला नाही.

पिठ्या बारीक झालाय. त्याच्या वाडग्यात आता उरलंसुरलं असतं. दुपारी मी त्याला माझ्यातला भात दिला, तर त्याने तोही खाल्ला, हळूच, आवाज न करता.

१३ ऑक्टोबर

भरदुपारी पाहिलं. ऊन होतं, चूक व्हायला जागा नाही.

व्हरांड्यातून पाण्यासारखा लपलप आवाज आला म्हणून गेले. कोच फरशीवर होते. गुडघे आणि तळव्यांवर. तोंड पिठ्याच्या वाडग्यात. वहिनी शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि लाडाने म्हणत होत्या, सावकाश, सावकाश, कुणी पळवत नाही तुमचं.

मला बघून वहिनी हसल्या. म्हणाल्या, मूल आधी रांगतं, मग चालतं, घाबरता काय? त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मी मान हलवली. हो म्हणाले मी. मी हो म्हणाले!

पिठ्या अंगणाच्या पार टोकाला भिंतीला पाठ लावून बसला होता. शेपूट पोटाखाली.

१६ ऑक्टोबर

फिजिओ आता येणार नाही. तिच्या मनगटाला कोचनी धरलं, सोडेचनात. वहिनींनी आणि मी मिळून बोटं उचकटली. तिच्या मनगटावर चारी बोटांचे वळ. ती गमतीत म्हणाली, पकड छान आली की हो, पण जाताना चपला हातात घेऊन पळाली. फाटकाबाहेर जाऊन घातल्या.

लेकीला फोन लावला. काय सांगणार? तुमचे वडील रांगतात? तिला ते ठाऊक होतं, आईने व्हिडिओ पाठवला होता. मी म्हटलं, ते आता माझ्याशी डोळ्यांनी बोलत नाहीत. ती म्हणाली, आता डोळ्यांची गरजच काय, थोड्या दिवसांत तोंडानेच बोलतील! आणि सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू. मग तिला रडू आलं, आणि मी फोन ठेवला.

पिठ्या माझ्या पलंगाखाली झोपतो. बोळातून तळव्यांचा आवाज आला, थप, थप, की जागच्या जागी मुततो. मी पुसते. त्याला रागवत नाही.

१८ ऑक्टोबर

आज लिहायलाच हवं, कुणी वाचो न वाचो.

वहिनी मटण आणायला गेल्या होत्या. कोच बोळात होते, मी माझ्या दारात. इतक्या जवळून मी त्यांना दोन दिवसांत पाहिलं नव्हतं. ओठ मागे ओढलेले, दात उघडे, घशात ती घरघर. शरीर पुढे सरकलं. एक तळवा, दुसरा तळवा.

मी पुटपुटले, कोच, तुम्ही आहात ना?

डोळे माझ्या डोळ्यांवर आले. एकदा मिटले.

ते होते! आतच होते, पहिल्या दिवशी होते तसेच. मी विचारलं, हे तुम्ही करताय का? हे रांगणं, हे खाणं?

दोनदा मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा. पाणी वाहू लागलं डोळ्यांतून, आणि तोंड तसंच वासलेलं, आणि तळवा पुढेच येत होता. पूर्वी शरीर त्यांचं ऐकत नव्हतं. आताही ऐकत नाही. फक्त आता ते हलतं.

मी दार लावून घेतलं. त्यांच्या तोंडावर लावलं.

१९ ऑक्टोबर

बॅग भरली. पिठ्याला दोरी बांधली. वहिनींना सांगितलं, मी जाते आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊनच परत येते. त्या भांडल्या नाहीत. फक्त माझे दोन्ही हात धरले, आणि त्यांची बाही वर सरकली.

कोपरापासून मनगटापर्यंत दात. जुने, नवे. एका ठिकाणी मांस गेलेलं. खोल.

त्या म्हणाल्या, की मटणवाल्याने आज दुकान उघडलं नव्हतं, आणि यांना उपाशी कसं ठेवू?

हाताला चटका बसेल इतका ताप होता त्यांना. मी बॅग खाली ठेवली. जखम धुतली, ड्रेसिंग केलं. मोठ्या डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या माणसाने निरोप लिहून घेतला. मग अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ती फाटकापर्यंत आलीही; वहिनी फाटकाशी जाऊन हसत हसत सांगून आल्या, की चुकून लागला फोन. गाडी परत गेली. मी व्हरांड्यातून बघत होते. ओरडायला हवं होतं. मागे थप, थप.

जाणार कशी? हिला इथे टाकून?

२० ऑक्टोबर

पिठ्या नाही.

दोरी अंगणात आहे. वहिनी म्हणतात, फाटकातून पळाला. फाटकाला कुलूप आहे. किल्ली वहिनींच्या कमरेला.

माझ्याकडे बघत नाहीत. फरशी धुताहेत. एका हाताने, सकाळपासून, तीच ती जागा.

कोच उन्हात झोपलेत. पोट तट्ट फुगलेलं. डोळे उघडे. मी लांबून विचारलं, पिठ्या कुठे?

नुसतं पाणी वाहतंय डोळ्यांतून.

२१ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. हात काळानिळा पडतोय. मी वहिनींना माझ्या खोलीत ओढत आणलं. कडी लावली, पलंग दाराला लावला. किल्ली त्यांच्या कमरेला नाही. विचारलं, कुठे आहे? यांच्या खोलीत, म्हणाल्या. उशीखाली. माझा फोन स्वयंपाकघरात राहिला.

खिडकीला गज. हाका मारल्या. भिंत उंच. रस्त्यावरून कुणीतरी शीळ घालत गेलं, थांबलं नाही.

२१, दुपार

तो दारावर घासतोय. आता त्याला कोच म्हणवत नाही. अंगाने. थोडा वेळ थांबतो, मग पुन्हा.

वहिनी शुद्धीवर आल्या. पाणी मागितलं. नाही आहे पाणी. म्हणाल्या, सिस्टर, यांना होते तसंच राहू दिलं असतं, तर ते मेले असते का हो? मी म्हटलं, नाही. झोपा.

त्या म्हणाल्या, मला एकदा त्यांचा आवाज ऐकायचा होता. एवढंच.

घासणं थांबलं आहे.

ऊन खिडकीतून निम्म्या खोलीत आलंय. किती शांत

बोलला.

दारापलीकडून. नीट, स्वच्छ, पुरुषी आवाज. मी कधी न ऐकलेला. आधी नुसता खाकरला, मग म्हणाला—“छोटे.”

वहिनी उठून बसल्या.

“छोटे, दार उघड ना.”

असा चेहरा मी कुणाचाच— एखाद्या मुलीसारखा— मला म्हणाल्या, अगं, हे मला असंच हाक मारायचे, तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही—

मी सांगितलं हे ते नाहीत. हात जोडले. ऐकत नाहीत. मी वहिनींची कंबर धरली आहे एका हाताने, या एवढ्याशा बाईत कुठून एवढी ताकद— पलंग सरकवला तिने—

“छोटे. भूक लागली.”

आले, म्हणतेय. आले हो. कडीला हात—

वहिनी नको— वहिनी